एल्डन किटरेज आणि विल्माबाईंची तुती

एल्डन किटरेज पिकेट्सबर्गात राहायला आला तेव्हा सामानाच्या ट्रकमधून सगळ्यात आधी उतरल्या त्या माश्या. खऱ्या नव्हेत, पिसांच्या, रेशमी दोऱ्याच्या, सशाच्या केसांच्या, बारक्या गळांवर बांधलेल्या, माशाला फसवायच्या. पेट्याच्या पेट्या. तान्ही पोरं उचलावीत तशा त्याने त्या स्वतः एकेक करून आत नेल्या. सोफा त्यानंतर उतरला. त्याच्या बायकोचं, ग्लेंडाचं, काचेच्या भांड्यांचं कपाट सगळ्यात शेवटी उतरलं आणि ते खुळखुळतच उतरलं. माश्यांच्या मात्र एका पंखालाही धक्का नव्हता. समोरच्या व्हरांड्यांत बसलेल्या मंडळींनी एवढ्यावरून काय ते ताडलं.

माणूस मोंटानाचा. पगार रस्तेखात्याने दिला, पण हयात गेली नदीत. छातीपर्यंतची रबरी विजार चढवून गार पाण्यात उभं राहायचं आणि ट्राउट पकडायचा. आता ट्राउट म्हणजे माशांतला जावई. त्याला पाणी थंड लागतं, नितळ लागतं, खळाळतं लागतं. जेवायला त्या दिवशी त्या घटकेला पाण्यावर जो किडा उडत असेल तोच लागतो. हुबेहूब तसाच किडा पिसांचा बांधून, कापसाचं बोंड उतरावं तितक्या अलगद त्याच्या नाकासमोर ठेवलात, तर तो तोंड उघडण्याचा विचार करतो. अशा माशाच्या मागे चाळीस वर्षं काढली की माणसाच्याही नाकाला वळण लागतं. एल्डन कांदे सोलायचा तो नाकानेच.

तरी तो आला, कारण मुलीला इथे जुळं झालं आणि ग्लेंडाने सांगितलं, "चाळीस वर्षं मी तुझ्या नदीकाठी राहिले. उरलेली आता नातवंडांकाठी राहणार." एल्डनने माश्या पेट्यांत भरायला घेतल्या.

पहिल्याच संध्याकाळी तो पुलावर गेला. खाली लिटल मडी वाहत होती. 'वाहत होती' हे आपलं म्हणायचं. दूध जास्त झालेल्या कॉफीसारखी ती दोन्ही काठांच्या मध्ये पडून होती. लिटल म्हणजे धाकटी, मडी म्हणजे चिखलाची. थोरली मडी कुठे आहे हे गावात कुणालाच ठाऊक नाही. बहुधा लाजून जमिनीखालून जात असावी. एल्डनने खिशातून थर्मामीटर काढला, दोरीला बांधला आणि पुलावरून खाली सोडला.

पुलाच्या कडेला पालथ्या बादलीवर डेल्बर्ट स्पिंक गळ टाकून बसला होता. डेल्बर्ट म्हणजे एल्डनचा नवा शेजारी, धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला. अंगाने दांडगा, तोंडाने त्याहून दांडगा.

"काय हो," डेल्बर्ट म्हणाला, "ताप आहे का नदीला?"

एल्डनने थर्मामीटर वर ओढला आणि डोळ्यांजवळ धरला. "ऐंशी फॅरनहाइट."

"अरेरे. मग डॉक्टर बोलवायचा की डायरेक्ट पाद्रीच?"

"या पाण्यात ट्राउट दुपारपर्यंतही जगायचा नाही."

"म्हणूनच येत नाही तो इकडे. शहाणा दिसतोय."

"मग आहे काय इथे?"

"कॅटफिश. हा एवढाल्या मिशांचा. आणि कार्प. पण कार्पला आम्ही मासा म्हणत नाही."

"मग काय म्हणता?"

"खत. टोमॅटोच्या आळ्यात पुरतो."

"आमच्याकडे डुक्कर म्हणतात," एल्डन म्हणाला. दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर. त्या भरात डेल्बर्टने झाकणाचा एक डबा पुढे केला. "माझं आमिष. शिळं चीज, कोंबडीची काळजं, थोडं रक्त. उन्हात मुरवलंय. घ्या, वास घेऊन बघा. लाजू नका."

एल्डनने शिष्टाचार म्हणून वास घेतला. मग बराच वेळ कठडा धरून तो पलीकडच्या शेतांकडे बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून गावात त्याचं नाव 'डॉक्टर' पडलं.

इथवर सगळं ठीक होतं. नाव ठेवलं म्हणजे माणसाला गावात घेतलं, अशीच इथली रीत आहे. घोटाळा झाला तो शुक्रवारच्या फिश फ्रायला.

अग्निशमन दलाच्या शेडमध्ये बंब बाहेर काढून टेबलं मांडतात. कढईत मक्याच्या पिठात घोळलेला कॅटफिश, शेजारी कोबीची कोशिंबीर आणि भिंतीशी एक लांबलचक टेबल, त्यावर पाई, फळांचं सारण भरून भाजलेल्या. हे पाईंचं टेबल गावात कशापेक्षाही मोठं. मेयर निवडणुकीला बदलतो. त्या टेबलाची मुखत्यारी मात्र विल्मा क्रॉसबाईंकडे आहे ती आहेच. बाई विधवा, ऐंशी उलटलेल्या, पाठ खांबासारखी ताठ. त्यांनी 'तुमची पाई आणा' म्हटलं की नवी आलेली बाई गावची झाली. नाही म्हटलं तर ती कितीही वर्षं राहिली तरी पाहुणीच. ग्लेंडा आल्या दिवसापासून त्या एका वाक्याची वाट बघत होती. चर्चमध्ये तीन रांगा पुढे सरकून झाल्या होत्या.

विल्माबाई त्या दिवशी आपण होऊन त्यांच्या टेबलापाशी आल्या. हसल्या. ग्लेंडाने हात पुसले, पदर असता तर तोही सावरला असता.

"मग मिस्टर किटरेज," विल्माबाई म्हणाल्या, "आमची नदी कशी वाटली?"

दुसरा कुणीही 'छान' म्हणून कोशिंबीर खाऊ लागला असता. पण एल्डनला एक जन्मजात खोड होती. मासा आणि पाणी या दोन बाबतींत तो खोटं बोलत नसे. गळ टाकणाऱ्यांच्या जातीत ही खोड लाखात एखाद्याला. मोंटानात भाऊबंद त्याला याच कारणासाठी सोबत नेत नसत; तो परत आल्यावर सगळ्यांचे मासे खऱ्या मापाचे सांगायचा. त्याने तोंड पुसलं, नीट विचार केला आणि म्हणाला,

"बाई, आमच्याकडे कुत्र्याला आंघोळ घातल्यावर टबात जे पाणी उरतं ना, तशी."

कढईतला कॅटफिशसुद्धा तडतडायचा थांबला म्हणतात. फक्त डेल्बर्टचा आवाज आला, "कुत्रा मोठाच असणार." विल्माबाईंनी ग्लेंडाकडे एक नजर टाकली, तिच्यात राग नव्हता, नुसती कीव होती, आणि त्या टेबलाकडे परत गेल्या.

घरी येऊन अंगणात गाडी थांबली तेव्हा ग्लेंडा बोलली.

"रॉसच्या गॅरेजवरची खोली रिकामीच आहे ना?"

रॉस म्हणजे एल्डनचा भाऊ, मोंटानातला. एल्डनचे डोळे चमकले. "आहे की. का?"

"चार जुलैच्या मिरवणुकीपर्यंत थांबते मी. तोवर या नदीतून एक मासा पकड. तुझ्या पद्धतीने पकड, उलटा लटकून पकड, काही कर. आणि त्या बाईंना सगळ्यांसमोर या नदीबद्दल एक चांगला शब्द सांग."

"आणि नाही सांगितला तर?"

"तर तू रॉसकडे जा. त्या थंड पाण्यात उभा राहा. मी इथेच आहे."

"अगं, सांगतो की. एक शब्दच ना?"

"खरा, एल्डन. खोटं बोलायला गेलास की तुझे कान लाल होतात. आता ते सगळ्या गावाला माहीत होईल."

त्या रात्री एल्डनला कळलं की बायको गंमत करत नाहीये. तिने खोलीला पडदे आहेत का तेही विचारलं.

मग डॉक्टरांनी रुग्णाची तपासणी मनावर घेतली. ट्राउटवाल्यांचं एक शास्त्र आहे: मासा काय खातोय ते आधी शोधा, तेच बांधा, तेच द्या. एल्डन सकाळी नदीत उतरे, दगड उलटे करी, पाणी ग्लेंडाच्या पिठाच्या चाळणीतून गाळी. चाळणीत डासांची पिल्लं आली, जळवा आल्या, एक चप्पल आली. भिंग लावून तो चप्पल सोडून बाकी सगळ्यांच्या नकला बांधत बसे. पिसं कमी पडली तेव्हा डेल्बर्टच्या कोंबड्यावर नजर गेली.

"मानेची दोन पिसं देता का?"

"त्यालाच विचारा की," डेल्बर्ट म्हणाला. "मालक तो आहे."

कोंबड्याने नकार दिला, पण उशिरा. महिनाअखेर त्याची मान एखाद्या पेन्शनरच्या डोक्यासारखी झाली आणि तो एल्डनला बघितलं की खुराड्यात शिरू लागला.

मासा मात्र एकही लागेना. आठवडे गेले. एल्डनने डासाचं पिल्लू इतकं हुबेहूब बांधलं की त्याला दोन डास चावायला आले, पण मासा आला नाही. एकदा मधोमध उभं राहून दोरी फेकताना पाय चिखलात रुतले. लिटल मडीचा चिखल ज्याला धरतो त्याला नातेवाइकासारखा सोडत नाही. डेल्बर्टने ट्रॅक्टर आणला, दोर टाकला, आणि एल्डनला बाहेर ओढला. एल्डन आला, विजार आली नाही. ती अजून तिथेच उभी आहे म्हणतात.

"डॉक्टर," अंतर्वस्त्रावर काठावर बसलेल्या एल्डनला डेल्बर्ट म्हणाला, "एक विचारू? रागावणार नाही ना? तुम्ही माझ्या डब्यातलं एक बोट—"

"नाही."

"एकच बोट हो. कुणाला सांगणार नाही मी."

"डेल्बर्ट, एक वेळ मी रॉसच्या गॅरेजवर मरेन."

डेल्बर्ट हा विनोद समजून हसला. एल्डन हसला नाही. घरी ग्लेंडाने बैठकीच्या खोलीत एक रिकामी सूटकेस उघडून ठेवली होती. म्हणाली, हवा लागायला.

जून चढला. विल्माबाईंच्या परसात नदीवर ओणवलेलं एक तुतीचं झाड आहे. जूनमध्ये ते काळ्याजांभळ्या फळांनी लहडतं, तालुक्यातले पक्षी तिथे जेवायला येतात आणि जेवण झालं की विल्माबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर हात पुसतात. हात तर हात. पांढऱ्या चादरी जांभळ्या ठिपक्यांच्या होतात. बाईंनी या वर्षी निकाल लावायचं ठरवलं: शनिवारी सकाळी डेल्बर्ट येणार, करवत लावणार, झाड पडणार.

पण फळं वाया घालवणं हे बाईंच्या धर्मात बसत नाही. शुक्रवारी दुपारी त्यांचा ग्लेंडाला फोन आला. "उद्या झाड पाडतेय. तुती झोडून घ्यायच्यात. चादरीचं एक टोक धरायला कुणीतरी हवंय. येता? तुमच्या कुत्र्याच्या टबात पडू द्यायच्या नाहीत एवढंच."

पाईचं नाव त्यांनी काढलं नाही. ग्लेंडाला काढायची गरज वाटली नाही. तिने एल्डनची कॉलर धरली. "चल. तोंड उघडायचं नाही. फक्त टोक धरायचं."

झाडाखाली काठावर चौघांनी जुनी चादर ताणली. एका टोकाला विल्माबाई, एकाला ग्लेंडा, एकाला एल्डन, आणि चौथं टोक कुंपणाच्या खांबाला. म्हणजे चौघं म्हणजे तिघं आणि खांब. बाई दुसऱ्या हाताने बांबूने फांदी झोडू लागल्या. तुती पटापटा चादरीत पडल्या, ढीग झाला. काही फांद्या पाण्यावर होत्या, तिथली फळं पाण्यात पडली.

टुप.

आणि त्या टुपच्या जागी, गढूळ पाण्यातून एक तोंड वर आलं. गोल, पिवळसर, पोस्टाच्या पेटीच्या फटीएवढं. त्याने तुती घेतली आणि चवीने मिटलं.

टुप. दुसरं तोंड. टुप. टुप. तोंडंच तोंडं. सोनेरी पाठी एकमेकींवरून घसरताहेत, एकेक पाठ मांजरीएवढी, आणि सगळी तोंडं आभाळाकडे.

आता इतरांना हे डुकरांचं जेवण दिसलं असतं. एल्डनला जे दिसलं ते असं: मासे वर बघताहेत. चाळीस वर्षं तो ज्यासाठी पहाटे उठला, ज्यासाठी बोटं गारठवली, ते हेच. वर बघणारा मासा. तो इथे होता, अगदी इथे, आणि एल्डन चाळणीत चप्पल शोधत बसला होता.

त्याच्या हातून चादरीचं टोक सुटलं.

दुपारभराच्या तुती एका ओळीत घरंगळत नदीत गेल्या. नदी उकळल्यासारखी झाली. कार्पांचा मुंजीचा बेत झाला.

"एल्डन!" ग्लेंडा किंचाळली.

"वर बघताहेत," एल्डन म्हणाला. "ग्लेंडा, ते वर बघताहेत!"

"मी खाली बघतेय! चादर रिकामी आहे!"

विल्माबाई रिकामी चादर घडी घालत शांतपणे म्हणाल्या, "पाच पाईंची तुती होती ती."

एल्डन त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. कान लाल नव्हते. "बाई, उद्या झाड पाडू नका."

"का बरं?"

"मला तुमचे मासे पकडायचेत."

"कुत्र्याच्या आंघोळीच्या पाण्यातले?"

"हो, त्यातलेच."

बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्यांच्या घराण्यात वेडे झाले होते, त्यामुळे त्यांना ओळखू येत. "डेल्बर्ट उद्या सकाळी येईल. मी त्याला कॉफी देते, अंडी देते. त्याचा नाश्ता होईपर्यंत झाड उभं आहे. पुढच्याला मी बांधील नाही."

डेल्बर्टचा नाश्ता ही गावातली मोठी घटना असते, तरी तिलाही अंत आहे.

घरी एल्डनने सगळ्या पेट्या उघडल्या. नाना रंग होते. करडे, तपकिरी, हिरवट, कोंबड्याच्या मानेचा. जांभळा नव्हता. चाळीस वर्षांत जांभळा किडा त्याने बघितला नव्हता. घरभर नजर फिरवता फिरवता ती खुंटीवर स्थिरावली. तिथे ग्लेंडाची ईस्टरला चर्चमध्ये घ्यायची लोकरीची शाल होती. आईने विणलेली. जांभळी.

पुढचं काय सांगावं? कात्री फार छोटी होती, आणि टोक मागच्या बाजूचं होतं.

शनिवारी सकाळी झाड पडणार म्हणून अर्धा गाव घडीच्या खुर्च्या घेऊन विल्माबाईंच्या परसात आला होता. इथे करमणूक कमी. डेल्बर्ट व्हरांड्यात बशी मांडून बसला, करवत पायाशी. एल्डन काठावर उभा राहिला, पायांत ग्लेंडाचे बागेतले फुलाफुलांचे बूट, कारण स्वतःचे विजारीसोबत चिखलात. ग्लेंडा हाताची घडी घालून मागे. शालीचं तिला अजून कळलं नव्हतं.

एल्डनने काठी मागे नेली. माशीची दोरी फेकताना ती आधी मागे लांब उलगडावी लागते, मगच पुढे. मोंटानात मागे असतं आभाळ. इथे मागे होती विल्माबाईंची कपड्यांची दोरी. काठी पुढे आली ती लोकांच्या डोक्यांवरून एक पांढरी, पंख पसरलेली वस्तू घेऊनच, आणि ती नदीच्या मधोमध उतरली.

"तो माझा रात्रीचा झगा आहे," विल्माबाई म्हणाल्या.

"मासा नाही," व्हरांड्यातून डेल्बर्ट, "पण डॉक्टर, माप मोठं आहे!"

बाईंनी त्याच्या बशीतलं एक अंडं परत काढून घेतलं. डेल्बर्टला मुकाट्याने उठून दंताळ्याने झगा ओढून काढावा लागला. तो पिळून त्याने खांद्यावर टाकला आणि तिथेच काठावर, कॉफी हातात धरून, उभा राहिला.

मासे बुजले. पण वारा आला, दोनचार तुती पडल्या, आणि तोंडं परत वर आली. एल्डनने आडव्या हाताने दोरी टाकली. काय टाकली! जांभळी तुती हवेत तरंगत गेली आणि पाण्यावर अशी टेकली की पाण्यालाही कळलं नाही. मोंटानात या एका फेकीवर म्हातारी माणसं टोपी काढतात.

कार्प तिच्याखालून निघून गेला. दुसरा शेजारून. तिसऱ्याने तिला पाठीने ढकललं.

पुन्हा. तशीच. कापसासारखी. पुन्हा कुणी बघेना. एल्डनच्या कपाळावर घाम आला. डेल्बर्टचा कप तिरपा होत चालला होता.

"अरे डॉक्टर," डेल्बर्टने शेवटचा घोट गिळला. अहोजाहो कुठे गळून पडलं होतं. "तुती अशी पडते का कधी? परी उतरल्यासारखी? आपट ना!"

"आपटू?"

"आपट! दाणकन!"

एल्डनचा हात थांबला. तुम्ही आयुष्यभर देवळात... म्हणजे चर्चमध्ये चवड्यांवर चालत आलात, आणि कुणी सांगितलं की इथला देव ढोल वाजवल्याशिवाय उठत नाही, तर पाय कसा अडखळेल, तसा. आवाज न करणं हेच तर तो शिकला होता. त्याने एकदा प्रयत्न केला. माशी अलगदच उतरली. हाताला दुसरं येतच नव्हतं. विल्माबाईंनी डेल्बर्टचा कप हातातून घेतला आणि बोटाने करवतीकडे खूण केली.

"एल्डन," मागून ग्लेंडा म्हणाली. हळूच म्हणाली. "तू कपाट ट्रकवर चढवलं होतंस ना माझं? तसं."

एल्डनने डोळे मिटले आणि आपटली.

टुप!

तोंड वर आलं, तुती गेली, आणि मग काठी जी वाकली ती वाकलीच. रीळ किंचाळलं. ट्राउट लागला की नाचतो, हवेत उड्या मारतो, बघणाऱ्याला शोभा देतो. कार्पला असले छंद नाहीत. तो खाली मान घालून चालू लागतो, कोर्टाचं बोलावणं आल्यासारखा. एल्डन मागून निघाला. फुलाफुलांच्या बुटांत, विल्माबाईंच्या गुलाबांतून, कुंपणावरून, शेजारच्यांच्या मक्यातून. गाव खुर्च्या उचलून काठाकाठाने मागे. मिरवणूकच ती, चार जुलैच्या आधीच निघाली.

"सोडू नकोस डॉक्टर!"

"काठी वर! वर!"

"गुलाब बघ मेल्या, गुलाब!" हा आवाज विल्माबाईंचा.

पुलाखाली कार्प दमला. एल्डनकडे जाळं होतं, पण ते ट्राउटच्या मापाचं, चहाच्या गाळणीपेक्षा जरा मोठं. ते बघून कार्पला परत जोर आला. तेव्हा डेल्बर्टने बूट काढले, पाण्यात उतरला, खांद्यावरचा झगा पसरला आणि मासा त्यात घेतला. विल्माबाईंच्या झग्यात तो नीट मावला. बाहीतून शेपूट बाहेर.

"टोमॅटोला आण!" कुणीतरी ओरडलं. "मी फावडं आणतो!"

पण एल्डन पाण्यात गुडघे टेकून बसला होता. त्याने हात ओले केले, गळ काढला, आणि ते सोनेरी जनावर दोन्ही हातांत पाण्याखाली धरून राहिला, श्वास परतेपर्यंत. मग हात उघडले. कार्प एकदा शेपटी मारून, एल्डनच्या तोंडावर चिखल उडवून, गेला.

काठावरून 'अरेरे' उमटलं. एवढं रामायण करून मासा सोडून दिला? डेल्बर्ट ओला झगा हातात घेऊन बघतच राहिला. "मी कशाला उतरलो मग?"

विल्माबाई गर्दीतून पुढे आल्या. सगळे बाजूला झाले. पाठ ताठ, केसांत मक्याचं पान.

"मग मिस्टर किटरेज," त्या म्हणाल्या, "आमची नदी कशी वाटली?"

ग्लेंडाने श्वास धरला. सगळ्या गावाने एल्डनच्या कानांकडे पाहिलं.

एल्डनने तोंडावरचा चिखल पुसला. विचार केला. त्याला वेळ लागतो.

"पाणी कुत्र्याच्या आंघोळीचंच आहे, बाई," तो म्हणाला.

ग्लेंडाने डोळे मिटले.

"पण कुत्रा आज भेटला. चाळीस वर्षांत कुठल्या ट्राउटने मला असं गावभर फिरवलं नाही. माझे हात बघा." बोटांवर दोरीचे वळ उठले होते. "मला उद्या परत यायचंय. परवाही. तुम्ही झाड ठेवलंत तर."

कान पांढरेफटक होते. थंड पाण्यातून आल्यासारखे.

विल्माबाईंनी बराच वेळ त्या कानांकडे पाहिलं. "झाड राहील," त्या म्हणाल्या. "कपड्यांची दोरी हलेल, त्या कोपऱ्यात. खांब तुम्ही रोवायचे. झगा तुम्ही धुवायचा. गुलाबांचं मी नंतर सांगते." मग ग्लेंडाकडे वळून, जसं काही आत्ताच आठवलं, "आणि तुम्ही, पुढच्या शुक्रवारी. तुतीची आणा. कडा जाड करू नका, इथे चालत नाहीत."

ग्लेंडाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला तिने एल्डनचा हात धरला, तर त्याच्या बोटांत ती ओली माशी होती. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली. जांभळी. लोकरीची.

"एल्डन. हा रंग कुठला?"

आता मात्र कान लाल झाले. फिश फ्रायला बाहेर काढलेल्या बंबाइतके. डेल्बर्टने हे बघितलं, टोपी डोक्यावर ओढली आणि झगा खांद्यावर टाकून घाईने निघून गेला, करवत विसरला.

रविवारी जेवणं आटोपल्यावर रॉसचा फोन आला. एल्डन खिडकीपाशी बसून गळावर लोकर गुंडाळत होता. समोर ग्लेंडा, न बोलता, त्या शालीचं उरलेलं टोक धाग्याधाग्याने उसवून त्याच्या हाताशी ठेवत होती. दोन दिवस ती बोलणार नव्हती असं तिने जाहीर केलं होतं. सूटकेसमध्ये कोंबड्याची पिसं भरून ठेवलेली होती.

"खोली झाडून ठेवलीय रे," रॉस म्हणाला. "नदी उतरलीय, मोठे किडे उडायला लागलेत, मासे नुसते वेडे झालेत. कधी निघतोस?"

एल्डनने खिडकीबाहेर बघितलं. वारा सुटला होता, विल्माबाईंच्या परसाच्या दिशेने.

"आत्ता नाही जमायचं रॉस," तो म्हणाला. "तुती पिकल्यात."

मग रॉसने फोनवर हात ठेवून बायकोला सांगितलं, ते स्पष्ट ऐकू आलं: "गेला ग आपला एल्डन कामातून. मुरांबे घालायला लागलाय."